गुणगुण गेल्यावर

ती गिटार कमलाक्षीने विकत घेतली नव्हती आणि मागितलीही नव्हती. गोव्यात मांद्र्याला किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिच्या घराला लागून पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या आहेत. त्यातल्या मधल्या खोलीत सबंध मोसम राहिलेली एक जर्मन बाई जाताना म्हणाली, विमानात ओझं नको, तुझ्याकडेच राहू दे. गिटार लाल रंगाची, विजेवर चालणारी, सोबत बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढा स्पीकर. बाई सरळ स्वभावाची. गिटार हलकीच आहे, शिकाऊ पोरांसाठी करतात तसली, हेही तिने सांगून टाकलं.

पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात. चादरी धुऊन, गाद्या उन्हाच्या तिरिपीला उभ्या करून झाल्या की दुपार मोकळी. कमलाक्षीने मोबाइलवर बघून बोटं बसवायचा प्रयत्न केला, पण तारा बोटांत रुतायच्या आणि जे वाजायचं त्यात तिला गोडी वाटेना. मग तिला लहानपणी डिचोलीच्या जत्रेत ऐकलेला एक ऑर्केस्ट्रा आठवला. त्यात एक माणूस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडाची कांडी फिरवायचा आणि त्यातून माणसाच्या गळ्यासारखा सूर निघायचा. तिने गिटार मांडीवर आडवी घेतली. तारा लाकडाला टेकू नयेत म्हणून डोक्याकडच्या टोकाला करवंटीचा घासून सपाट केलेला तुकडा सरकवला. कांडी म्हणून नवऱ्याच्या स्कूटरचा प्लग खोलायचा पोकळ पाना घेतला. महादेव मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवायचा. संध्याकाळी घरी आला की तो पाना शोधत बसे आणि तो बायकोच्या मांडीवर सापडे.

कमलाक्षीचं माहेर नार्व्याचं. वडील भजनात गाणारे. त्यांनी तिला पेटी शिकवायची खूप खटपट केली होती, पण पेटीच्या पट्ट्या तिला कधी जमल्या नाहीत. सूर कुठे आहे ते कानाला कळायचं, बोट मात्र भलत्याच पट्टीवर पडायचं. इथे पट्ट्याच नव्हत्या. पाना तारेवरून सरकवत जायचं, आणि सूर आला की थांबायचं. दिवाळी येईपर्यंत वडिलांचे अर्धेअधिक अभंग तिने त्या लाल गिटारीवर शोधून काढले होते.

हे सगळं तिची सासू ओसरीवर बसून ऐकत असे. प्रभावती तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. गावातल्या सातेरीच्या देवळातलं महिला भजनी मंडळ तिने उभं केलेलं. तीस वर्षं पहिला सूर तिचाच. कौतुक करणं तिच्या स्वभावात नव्हतं. सून वाजवत असताना ती कुळीथ निवडायची, आणि एखादी जागा चांगली वाजली की तिचा सुपावरचा हात तेवढ्यापुरता थांबायचा. कमलाक्षीला तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या वर्षी मंडळाची पेटी वाजवणारी विमला मुलाकडे मडगावला राहायला गेली. पेटी देवळाच्या कपाटात राहिली, वाजवणारं कोणी उरलं नाही. काही दिवस मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर निभावलं. मग एका एकादशीला प्रभावतीच म्हणाली, "कमल, तुझी ती गिटार घेऊन ये देवळात. बगया कशी लागता ती."

सासूला कमलाक्षी मांय म्हणायची. "मांय, हसतील सगळी," ती म्हणाली.

"हसली तर हसूं दे. गाताना तोंड उघडूकच लागता."

हसलं कोणी नाही. झांज वाजवणारी चंद्रावती, जी मंडळाचा सगळा कारभार बघायची, तिने फक्त गिटार खाली ठेवायला एक स्वच्छ पाट आणून दिला. गिटार देवळाच्या माईकच्या यंत्राला जोडली. आणि जोडल्याबरोबर कर्ण्यातून आवाज सुरू झाला. गुंऽऽऽ. फुटलेल्या नळीत अडकलेल्या भुंग्यासारखा. कमलाक्षीने तारांवर हात ठेवला तरी तो चालूच. जागा बदलून बसली, थोडा कमी झाला. ट्यूबलाइटकडे तोंड केलं, वाढला. दिवे घालवून गाता येत नव्हतं आणि पंखे बंद केले तर बायका घामाने बेजार. शेवटी तसंच गायलं. गिटारीचा सूर सगळ्यांना आवडला, पण प्रत्येक अभंग सुरू व्हायच्या आधी, आणि दोन कडव्यांच्या मधे, ती गुणगुण गाभाऱ्यापर्यंत पसरलेली असायची.

घरी येताना प्रभावती म्हणाली, "तुझी गिटार माझ्या आदी गाऊक लागता गो. मी गप रवलंय तरी ती गप रवत नाय."

ती रागाने बोलली नव्हती. तरी कमलाक्षीच्या मनाला ते लागून राहिलं. तिने मोबाइलवर वाचलं, व्हिडिओ बघितले. गिटारीच्या पोटावर तारांखाली तीन पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. तार हलली की तिचा आवाज पकडून पुढे पाठवायचा हे त्यांचं काम. हलक्या गिटारीतले पिकअप तारेच्या आवाजाबरोबर आजूबाजूच्या विजेचा आवाजही पकडतात. उपाय एकच, पिकअप बदलायचे.

हे काम कोणाकडे न्यायचं हा प्रश्न तिला पडला नाही. तिचा थोरला भाऊ धाकू डिचोलीला बाजारामागे मोटारी गुंडाळायचं दुकान चालवतो. पाण्याच्या पंपाची मोटार जळली की आतली जळकी तार काढून नवी भरायची, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. खाणी चालू होत्या तेव्हा दुकानाबाहेर मोटारींची रांग लागायची. खाणी बंद पडल्यावर रांग गेली, आता विहिरीवरचे पंप आणि मिक्सर, पंखे. कमलाक्षी गिटार जुन्या चादरीत गुंडाळून निघाली. म्हापशाला बस बदलली, अस्नोड्यावरून डिचोली. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, चादरीत काय आहे. ती म्हणाली, गिटार. तो म्हणाला, मला वाटलं मूल आहे, रडत कसं नाही.

धाकूने गिटार उताणी ठेवली, स्क्रू काढले आणि तारांखालचं प्लास्टिक उचललं. आत डोकावून तो हसला.

"बाय, ह्यात तर माझाच धंदा आहे गो."

खरंच होतं ते. पिकअप म्हणजे चुंबकाची पट्टी, सहा लोखंडी खिळे आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. धाकूला ते बघून असा आनंद झाला की त्याने समोरच्या हॉटेलातून चहा आणि पावभाजी मागवली.

"नवीन कशाला आणतेस? हेच सोडवून परत गुंडाळतो. दोन पिकअप उलट-सुलट गुंडाळले की गुणगुण मरते, असं वाचलंय तू म्हणतेस ना? मग झालं तर. मोटारीत काय वेगळं असतं?"

"जमेल?"

"न जमायला काय झालं?"

जमलं नाही. पंख्याची तार तो डोळे मिटून गुंडाळायचा, पण ही तार केसापेक्षा बारीक होती. सोडवताना ती पहिल्याच बोटाच्या धक्क्याने तुटली. त्याने चष्म्यावर दुसरा चष्मा लावला, टोक शोधलं, जोडलं, पुन्हा तुटली. दुसऱ्या पिकअपची तीच गत. तिसऱ्याला त्याने हात लावला नाही, पण मधलं प्लास्टिक उचकटताना त्याच्याही तारेचं टोक निसटलंच होतं. दुपारपर्यंत मेजावर तांब्याचा भुसा पडला आणि गिटार मुकी झाली.

धाकूने तो भुसा एका कागदावर गोळा केला. मग हात पुसत म्हणाला, "चूक माझी. मला वाटलं लहान मोटार ती लहान मोटार. ही मोटारच नव्हे."

"असू दे रे दादा. नवे घालायचेच होते."

"सप्ताह कधी आहे तुमचा?"

"श्रावणात. वेळ आहे अजून."

त्याने तिच्यासमोरच मुंबईच्या एका वाद्यांच्या दुकानाला फोन लावला. फोनवरच्या मुलाने नीट समजावून सांगितलं. जुन्याच मापाचे, पण आत दोन गुंडाळ्या असलेले पिकअप मिळतात. लाकूड कोरावं लागत नाही. आतल्या दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट असतात, त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण एकीत एका दिशेने येते आणि दुसरीत उलट दिशेने, आणि दोन्ही मिळून नाहीशी होते. तारेचा आवाज मात्र चुंबकांमुळे दोन्हींत एकाच दिशेने येतो, तो राहतो. धाकूने हे ऐकून फोन ठेवला आणि बहिणीला तेच पुन्हा सांगितलं, जणू त्याला आधीपासून ठाऊक होतं. कमलाक्षीने त्याला तसं करू दिलं.

पार्सल यायला वेळ लागला. तोवर देवळात मोबाइलचा तंबोरा. चंद्रावतीने विचारलं, गिटारीला काय झालं. कमलाक्षी म्हणाली, दुरुस्तीला आहे. चंद्रावती म्हणाली, बरी तर होती, जरा गुणगुणायची एवढंच.

पिकअप आले त्या दिवशी ती पुन्हा डिचोलीला गेली. धाकूने या खेपेला घाई केली नाही. आधी जुन्या तारा कुठे कुठे जोडल्या होत्या त्याचं चित्र कागदावर काढलं. मग एक एक नवा पिकअप प्लास्टिकमध्ये बसवून त्याच्या तारांना कथलाचा डाख दिला. कमलाक्षीने टॉर्च धरला. तारा चढवून, छोटा स्पीकर जोडून तिने पाना फिरवला. एकेक पिकअप वेगळा वाजवला की आवाज भरदार येई, पण दोन एकत्र चालू केले की आवाज बारीक, नाकातून बोलल्यासारखा.

"एक उलटा लागलाय," धाकू म्हणाला. "दोन बैल एका जोताला, पण एक पुढे ओढतोय आणि एक मागे."

त्याने मधल्या पिकअपची दोन टोकं अदलाबदल केली. या वेळी तिने पाना फिरवला तेव्हा दुकानाच्या पत्र्याखाली असा गोल, पिकलेला सूर उमटला की शेजारचा घड्याळवाला बाहेर येऊन उभा राहिला. कमलाक्षीने तारांवर हात ठेवला. सूर थांबला. आणि त्यानंतर काहीच नाही. डोक्यावर ट्यूबलाइट होती, बाजूला धाकूची मोठी मोटार चालू होती, तरी स्पीकर गप. ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तिने तारा पुन्हा छेडल्या, पुन्हा दाबल्या, केवळ ती शांतता परत ऐकायला.

मांद्र्याला आल्यावर तालमीसाठी बायका ओसरीवर जमल्या. बाहेर पाऊस नुकताच उघडला होता. मोपाहून उडालेलं एक विमान माडांवरून गेलं, त्याचा आवाज विरला, आणि प्रभावतीने पहिला सूर लावला. कमलाक्षी मागोमाग गिटारीवर गेली. पहिलं कडवं संपलं. तिने तारा दाबल्या आणि जागा मोकळी सोडली, पुढची ओळ मांयने एकटीने उचलायची होती.

प्रभावतीने उचलली. आणि त्या शांततेत तिचा आवाज उघडा पडला. वरच्या सुराला पोचायच्या आधीच तो थरथरला, मग चिरला, आणि टोकाला नुसता श्वास राहिला. यात नवीन काही नव्हतं. हे गेली कित्येक वर्षं होत असणार. आधी ते विमलाच्या पेटीने झाकलं, मग मोबाइलच्या तंबोऱ्याने आणि गिटारीच्या गुणगुणीने. आता झाकायला काही उरलं नव्हतं. चंद्रावतीने पटकन झांज वाढवली, बाकीच्यांनी ओळ उचलून धरली आणि अभंग पार पडला. कोणी कोणाकडे बघितलं नाही. पण प्रभावतीनेही ते ऐकलं होतं. तिचे कान तर सगळ्यांत तिखट.

तिने पदराने तोंड पुसलं. "माका आज बरा नाय," ती म्हणाली. "तुमी गावा."

त्या दिवसानंतर ती तालमीला बसेना. कधी कंबर दुखायची, कधी पोदेर यायची वेळ झालेली असायची, पाव घ्यायला दारात थांबायला हवं. चंद्रावती दोनदा बोलवायला आली. सप्ताहात महिला मंडळाचा दुपारचा पार असतो, म्हणजे गायची पाळी, आणि ती कोण सुरू करणार हे ठरवायला हवं होतं. प्रभावती म्हणाली, चंद्रावती तूच कर सुरू, तुझा गळा मोठा आहे. चंद्रावतीचा गळा मोठा होता, पण त्यात गोडवा नव्हता, हे तिला स्वतःलाही माहीत होतं. ती नाइलाजाने हो म्हणाली आणि जाताना कमलाक्षीकडे असं बघून गेली की हे सगळं तुझ्या गिटारीमुळे.

एका सकाळी कमलाक्षी सासूजवळ जाऊन बसली. प्रभावती मांडीवर ताट घेऊन अळूची देठं सोलत होती.

"मांय, तुम्ही का येत नाही ते मला कळतं."

"कळता तर इचारतंस कित्याक?"

कमलाक्षी ताटातलं एक देठ उचलून सोलू लागली. मग प्रभावतीनेच विचारलं, "ते जुने पिकअप की काय ते, ते परत घालूक येत नाय?"

"तुटले ते. दादाकडून."

"गुणगुणायची ती बरी होती गो," प्रभावती म्हणाली. "मी उगीच बोललंय तेव्हा."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून कमलाक्षीला ते जास्तच जड गेलं. उठून ती खोल्यांकडे गेली, पण झाडताना तिचा हात चालेना. एवढी यातायात करून तिने मांयचा गळा चारचौघांत उघडा केला होता. गिटार परत चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवावी आणि तो मोबाइलचा तंबोरा परत आणावा, असं तिने त्या दिवशी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं. महादेवलाही तिने तसं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "ठेव. पण मग माझा पाना मला परत दे." आणि तिचं तोंड बघून त्याने पुन्हा ताटात लक्ष घातलं.

कपाटावर ठेवायला गिटार उचलली तो दिवस रविवार होता. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली प्रभावती नारळ खोवत होती. घरात कोणी नाही अशा समजुतीने ती गात होती. गाणं म्हणजे काय, खोवणीच्या खर्रखर्र आवाजाबरोबर सहज तोंडात आलेला अभंग, नेहमीचाच, देवळात गातात तोच. कमलाक्षी पॅसेजमध्ये थांबली. आवाज चिरत नव्हता. थरथरत नव्हता. कुठेतरी खाली, छातीत, भरलेल्या घागरीसारखा तो शांतपणे वाजत होता. वरच्या ओळीलाही मांय सहज जात होती आणि सहज परत येत होती.

कमलाक्षी पावलांचा आवाज न करता खोलीत गेली. गिटार मांडीवर घेतली, जोडलीच नाही, आणि पाना अलगद ठेवून मांय कुठे गाते आहे ते शोधू लागली. मंडळ नेहमी काळी चारमध्ये गायचं. पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरायचा, बायकांचं भजन त्यातच, हे विमलाच्या आधीपासून चालत आलेलं. पाना खाली सरकत सरकत थांबला तो पांढरी तीनवर. पूर्ण दोन सुरांनी खाली.

तिने गिटारीच्या डोक्याकडच्या खुंट्या धरल्या. काही तारा सैल केल्या, काही उलट ताणल्या, आणि सगळी गिटार पांढरी तीनला लावली. मग स्पीकर जोडून आवाज अगदी बारीक ठेवला आणि मांय गात असलेल्या ओळीमागोमाग सूर धरला. खोवणी थांबली. गाणंही थांबलं. कमलाक्षीने वाजवणं थांबवलं नाही. कडवं पूर्ण करून ती सुरुवातीच्या ओळीवर आली, तारा दाबल्या, जागा मोकळी सोडली आणि वाट बघत बसली.

बाहेर कोंबडीने परसात माती उकरल्याचा आवाज येत होता. मग आतून, तशाच बसलेल्या ठिकाणाहून, प्रभावतीने ओळ उचलली.

अभंग पुरा झाल्यावर ती नारळाचे हात तसेच घेऊन दारात आली. "ह्या खंयचा?"

"पांढरी तीन."

"पुरुषांसारखा लागता."

"तुमच्यासारखं लागतं मांय."

प्रभावती दाराच्या चौकटीला टेकली. "चंद्रावती ऐकूची नाय," ती म्हणाली. तेवढ्यावरून कमलाक्षीने ओळखलं की मांय स्वतः तयार आहे.

चंद्रावतीने खरंच ऐकलं नाही. तालमीला सगळ्या जमल्या तेव्हा ती म्हणाली, एवढं खाली गायचं तर बायकांनी कशाला गायचं, पुरुषांचं मंडळ आहेच. तरुण गळ्यांना एवढं खाली जमणार कसं. आणि देवळात कर्ण्यावर ते रडल्यासारखं ऐकू येईल. यातलं एक म्हणणं खरं होतं, तरुण बायकांना त्या खालच्या सुरात गळा मोकळा सोडता येत नव्हता. कमलाक्षी वाद घालण्यात कच्ची. ती म्हणाली, "पहिला अभंग मांयचा, खाली. मग मी तारा वर लावते, बाकीचे तुमचे, काळी चारमध्ये. मधे थोडं थांबावं लागेल."

"पार चालू असताना तारा पिळत बसणार?"

"पिळत बसणार."

चंद्रावतीने प्रभावतीकडे बघितलं. दोघी पंधरा-सोळा वर्षांच्या असल्यापासून एकमेकींना ओळखत होत्या, एकाच विहिरीतून पाणी भरलेलं. प्रभावतीने विनंती केली नाही की हट्ट नाही. चंद्रावतीने झांजेची दोरी बोटाला गुंडाळली. "सुरू कर मगे," ती म्हणाली. "बगया तरी."

सप्ताहाच्या दिवशी देऊळ भरलेलं होतं. पुरुषांचा पार संपून महिला मंडळ बसलं तेव्हा दुपारचं ऊन सभामंडपाच्या खांबांवर तिरकं आलं होतं. माईकवाल्याने सवयीने गिटारीचा आवाज आधीच कमी करून ठेवला होता, मागच्या वेळची गुणगुण त्याच्या लक्षात होती. तार जोडल्यावर कर्ण्यातून काहीच आलं नाही तेव्हा त्याने उठून येऊन जोडणी तपासली. कमलाक्षीने एक तार छेडली. तो परत जाऊन बसला आणि त्याने आवाज वाढवला.

प्रभावतीने डोळे मिटले. गिटारीने पांढरी तीनचा सा दिला आणि सोडला. त्या एवढ्या गर्दीत एक क्षण काहीच आवाज नव्हता. मग तिने गायला सुरुवात केली.

कर्ण्यावर ते रडल्यासारखं ऐकू आलं नाही. वाड्यावरच्या, आसपासच्या वस्तीतल्या लोकांनी नंतर सांगितलं की आम्हाला कळलंच नाही कोण गातंय, बाहेरगावची कोणी आली असावी असं वाटलं. आवाजात म्हातारपण होतं, ते लपत नव्हतं, पण आता सूर ओढून आणलेला नव्हता. तरुण बायका खाली जाताना चाचपडल्या, दोघी तर मधेच गप्प झाल्या. चंद्रावतीने झांज अगदी हलकी धरली, बोटांच्या टोकांनी. तिसऱ्या कडव्याला जिथे मांय एकटी गायची तिथे कमलाक्षी थांबली, आणि मांयला शेवटच्या सुरावर हवं तेवढं थांबता यावं म्हणून तिने पाना तारेवरून उचलूनच घेतला.

मग कबूल केल्याप्रमाणे तिने तारा पिळल्या. लोक थांबले. कोणी खोकलं, कोणी पाणी प्यायलं. एक तार जास्त ताणली जाऊन सुटली तेव्हा दोघी-तिघी हसल्या. काळी चार लागल्यावर चंद्रावतीने तिच्या मोठ्या गळ्याने पुढचा अभंग उचलला आणि मंडळ नेहमीसारखं दणक्यात गायलं. प्रभावती त्या अभंगांना नुसती टाळी देत बसली होती. तिचं तोंड हलत होतं, पण ती आवाज काढत नव्हती, आणि त्याचं तिला काही वाटत नसावं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

सप्ताह संपल्यावर धाकूचा फोन आला. त्याला गुणगुणीबद्दल जाणून घ्यायचं होतं. कमलाक्षीने सगळं सांगितलं, मांयचं, पांढरी तीनचं, सुटलेल्या तारेचं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, प्रत्येक वेळी तारा पिळायला लागतात हे बरं नाही, दुसरी एखादी हलकी गिटार शोधूया, एक खाली लावलेली, एक वर. पिकअप मी घालतो, आता मला येतं. ती हसली आणि म्हणाली, बघू.

पुढच्या एकादशीला देवळात बायका जमत होत्या तेव्हा पायऱ्यांपाशी वाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या उभ्या दिसल्या. भाग्यलक्ष्मी आणि तिची जाऊ. दोघी पूर्वी मंडळात होत्या. गळा गेला म्हणून त्यांनी कधीच यायचं सोडलं होतं, गेली कित्येक वर्षं त्या फक्त प्रसादाला यायच्या. भाग्यलक्ष्मीने चंद्रावतीला विचारलं, "आज ता खालच्या सुरातला आसा मगो?"

चंद्रावतीने त्यांच्याकडे बघितलं, मग आत तारा लावत बसलेल्या कमलाक्षीकडे. "पयलो एकच," ती म्हणाली.

प्रभावतीने आपली चटई थोडी सरकवली आणि बाजूला हात आपटून दाखवला. दोघी आत येऊन, गुडघे धरत, तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. भाग्यलक्ष्मीने हळूच घसा खाकरून बघितला.

"शब्द आठवतत मां?" प्रभावतीने विचारलं.

"तू सुरू कर," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "येतत मागसून."